वरची कोथिंबीर

बदलीच्या गावी पोहोचल्यावर मनुष्य प्रथम काय शोधतो, असे कोणी विचारल्यास आपल्यापैकी बहुतेकजण राहावयास जागा, मुलांची शाळा आणि कचेरीची बस अशी क्रमवार उत्तरे देतील. ती खोटी नाहीत. परंतु ट्रंका उघडून झाल्या, गॅसची जोडणी झाली, की पहिल्या संध्याकाळी हातात पिशवी घेऊन आपण बाहेर पडतो ते भाजीबाजार शोधण्यासाठी. परक्या गावाशी आपले पहिले खरे बोलणे तेथेच होते. घरमालकाशी झालेले बोलणे करारपत्राच्या भाषेतील असते, कचेरीतील बोलणे टिप्पणीच्या भाषेतील. भाजीवालीशी मात्र आपण मोडक्यातोडक्या हिंदीत, तामिळीत किंवा बंगालीत का होईना, थेट पोटाच्या प्रश्नावर बोलतो.

आमचे बिऱ्हाड दिल्लीत, यमुनेच्या पूर्व काठच्या एका उपनगरात आहे. येथे आल्यावर पहिली दोन वर्षे चाकवत मिळत नाही म्हणून आम्ही हळहळत होतो; आणि तो चाकवत हिवाळाभर आमच्या डोळ्यांसमोर ढिगांनी पडलेला होता. त्याला येथे बथुआ म्हणतात एवढेच आम्हांस ठाऊक नव्हते. (दुधीला लौकी म्हणतात हे पहिल्याच दिवशी कळते. ढेमशाला टिंडा म्हणतात हे कळूनही काही लाभ होत नाही.) पुढे बथुआ ओळखू लागलो तशी माणसेही ओळखू लागलो, आणि ज्या प्रश्नाविषयी आज लिहावयाचे आहे तो प्रश्न त्या ओळखीतूनच निर्माण झाला.

दिल्लीचे आठवडे बाजार ज्या वारी भरतात त्या वाराच्या नावाने ओळखले जातात. सोमबाजार, मंगलबाजार, शनिबाजार अशी नावे शहरात ठिकठिकाणी ऐकू येतात. आमच्या वसाहतीमागे भरतो तो बुधबाजार. दुपारपर्यंत जो रस्ता मोटारी उभ्या करण्याच्या कामी येतो, तेथे पाचाच्या सुमारास बांबू रोवले जातात, ताडपत्र्या पसरतात, दिवे लटकू लागतात आणि दोन तासांत असे नगर उभे राहते, की येथे काल काय होते हे सांगूनही खरे वाटू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे फुलकोबीची चुरगळलेली पाने आणि त्यांवर ताव मारणारी एखादी गाय एवढेच उरते. विक्रेते दुसऱ्या वाराच्या दुसऱ्या रस्त्यावर गेलेले असतात. बहुतेकांचा माल पहाटे गाझीपूरच्या मंडईतून उचललेला. काहीजण मात्र यमुनेच्या खादरातले, म्हणजे नदीच्या पूरक्षेत्रातील शेतांतले. त्यांच्या मुळ्याला ओली माती चिकटलेली असते आणि पालकाच्या जुडीतून पाणी ठिबकत असते.

या बाजारात एक अलिखित नियम आहे. भाजी तोलून झाली, पैसे देऊन झाले, की गिऱ्हाईक अगदी सहज म्हणते, "धनिया-मिर्च तो डाल दो." मग विक्रेता मूठभर कोथिंबीर आणि चार हिरव्या मिरच्या पिशवीत वरून टाकतो. त्याचे पैसे मागावयाचे नाहीत व द्यावयाचेही नाहीत. आपल्याकडेही दूध मापून झाल्यावर वर थोडी धार सोडण्याची चाल होतीच. तेव्हा या नियमात आम्हांस काही विशेष वाटण्याचे कारण नव्हते. आम्हीही तीन वर्षे, पाच वर्षे, सात वर्षे धनिया-मिर्च मागत आलो, आणि क्वचित् मूठ लहान दिसली तर "और थोडा" असेही म्हणत आलो.

तर ही वरची कोथिंबीर नक्की कोणाची? ती देणगी आहे की देणे आहे? देणगी असेल तर ती मागणारे आपण कोण. आणि देणे असेल तर ती देणाऱ्याने किमतीत धरलेलीच असणार, मग तिला वरची का म्हणावे? हा प्रश्न क्षुल्लक आहे असे वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटले असते. पण क्षुल्लक रकमांशी ज्यांचा आयुष्यभर संबंध येतो त्या कारकुनी पेशातील माणसाने तरी असे म्हणू नये. प्रवासभत्त्याच्या देयकातील सात रुपयांच्या फरकासाठी आम्ही संपूर्ण धारिका परत पाठविलेली आहे.

घासाघीस नीतीला धरून आहे काय, या प्रश्नावर जगात पुष्कळ विचार झालेला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी मालाचा एकच भाव सांगण्याचा परिपाठ ठेवला, कारण कमी घेण्याची तयारी मनात ठेवून अधिक सांगणे हे त्यांच्या मते असत्य भाषण होते. आपल्याकडे कौटिल्याने तर गिऱ्हाइकावर आणि दुकानदारावर काहीच सोपविले नाही. स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० एवढाच नफा घ्यावा असे त्याने लिहून ठेवले. दोघांचाही हेतू एकच दिसतो, की भाव ठरविताना माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याचा प्रसंग येऊ नये. आम्हांस क्वेकरांचा युक्तिवाद पूर्णपणे पटत नाही. चाळीस सांगणारी आणि पंचवीस म्हणणारा या दोघांनाही तीस ठाऊक असते. जेथे फसवणारा आणि फसणारा दोघेही जाणते आहेत तेथे असत्य कोठून आले? नाटकात राजाचा मुकुट घातलेल्या नटास आपण तोतया म्हणत नाही.

आमच्या विभागातील एक सहकारी मात्र घासाघीस मुळीच करीत नाहीत आणि तिचा अभिमानाने निषेध करतात. मोठ्या दुकानात थंड हवेत ठेवलेल्या भाजीच्या पाकिटावरील छापील भाव निमूटपणे देणाऱ्यांनी रस्त्यावरच्या बाईशी दोन रुपयांसाठी वाद घालावा हे लांच्छनास्पद आहे, असे ते डबा खाताना सांगतात. म्हणणे खरे आहे. पण ते इतके खरे आहे, की ते बोलून माणसाला स्वतःविषयी फारच बरे वाटते. आणि ज्या नैतिक विचाराने डब्याची चव वाढते त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहावे असे आमचे मत आहे.

तीन वर्षांमागे आमच्या मातोश्री हिवाळ्यात येथे येऊन राहिल्या होत्या. त्यांस हिंदी येत नाही. निदान येते असे त्यांचे म्हणणे असले तरी ती हिंदी कोणास समजत नाही. पहिल्याच बुधवारी त्या आमच्याबरोबर बाजारात आल्या आणि खादरातून येणाऱ्या एका बाईसमोर, तिच्याच गोणपाटाच्या टोकावर, बसल्या. आम्ही चपला घालून उभे. दोघींचे बोटांनी, मानेने आणि दोन भाषांनी जे बोलणे चालले त्यात मुळ्याचा भाव तर होताच, पण सून कोठली, नातवंडे किती, गुडघ्याला काय लावता, हेही होते. वीस मिनिटांनी मातोश्रींनी सांगितलेल्या भावातून तीन रुपये कमी केले आणि उठल्या. त्या बाईने न मागता भली मोठी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. वाटेत आम्ही सहकाऱ्याचा युक्तिवाद आमचाच म्हणून ऐकविला. "आई, तीन रुपयांसाठी गरिबाशी कशाला हुज्जत?" मातोश्री म्हणाल्या, "हुज्जत कुठं घातली? भाव केला. न बोलता पैसे टाकून चालू लागलं, तर भीक घातल्यासारखं नाही का रे होत?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे मात्र आम्ही तिचे ते वाक्य सोयीने वापरू लागलो. भाव करणे म्हणजे आदर दाखविणे, असा सिद्धांत हाती आल्यावर भाव पाडण्यात कसलाच संकोच उरला नाही. मातोश्री वीस मिनिटे खाली बसल्या होत्या आणि आम्ही उभ्या उभ्या दीड मिनिटात आटपत होतो, हा फरक सिद्धांतात नोंदला गेला नाही.

आता कबुली द्यावयाची ती येथे. बुधबाजारात भाव दोन असतात. दिवे लागताना एक आणि दिवे विझताना एक. रात्री दहाच्या पुढे पालेभाजी विकणाऱ्यास घाई होते. मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी पडणार, पालक सडणार, आणि टेंपोवाला भाडे वजनावर नव्हे तर फेरीवर घेणार. मग उरल्यासुरल्या भाजीचे ढीग लागतात आणि "दस का ढेर" अशी हाक सुरू होते. आम्ही कचेरीतून सातपर्यंत घरी येतो. तरीसुद्धा बाजाराला दहानंतर जातो. ही आमची काटकसर म्हणून आमच्या घरात आणि शेजारीपाजारी बरीच नावाजली गेली आहे, आणि नव्याने बदलून आलेल्या दोन मराठी कुटुंबांस ती आम्ही शिकविलीही आहे.

या वेळी जी घासाघीस होते तिला नाटक म्हणता येत नाही. नाटकात दोघांनाही पडद्यामागे जाता येते. येथे आम्हांस पाठ फिरविता येते, तिला येत नाही. आम्ही चार पावले टाकली की ती हाक मारणार हे आम्हांस ठाऊक असते. आणि ती चार पावले आम्ही मोजून, सावकाश टाकतो. भाव ठरतो तो भाजीचा नव्हे, थांबण्याच्या ताकदीचा ठरतो. कोथिंबीर वर पडते तीही त्याच हिशेबात. ज्याला 'नको' म्हणणे परवडत नाही त्याने दिलेल्या वस्तूस देणगी म्हणावे, की आणखी काही, हे तर्कशास्त्राच्या पदवीधराने ठरवावे. आम्ही अर्थशास्त्र घेतले होते.

अर्थशास्त्रावरून आठवले. आपणा सर्वांच्या वेतनातील महागाई भत्ता ज्या आकड्यावर अवलंबून असतो, तो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक कोठून येतो याचा विचार आपण सहसा करीत नाही. २०१६ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेत तो देशातील ८८ केंद्रांतल्या ३१७ बाजारांत टिपलेल्या किरकोळ भावांवरून काढला जातो. श्रम ब्यूरो तो दर महिन्यास प्रसिद्ध करतो. आणि १२ महिन्यांच्या सरासरीवरून १ जानेवारी व १ जुलै या तारखांपासून भत्ता वाढतो. अर्थात् टोमॅटोचा भाव चढला, की काही महिन्यांनी त्याचा काही अंश आपल्या खात्यात जमा होतो. या व्यवस्थेत अन्याय आहे असे आम्ही म्हणत नाही. ती मिळविण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी अर्ज केले, संप केले. परंतु टोमॅटोचा भाव चढतो तेव्हा टोमॅटो पिकविणाऱ्याच्या शेतात काय घडलेले असते, हा रकाना त्या तक्त्यात नाही.

जुलै २०२३ मध्ये तो रकाना आमच्या वसाहतीच्या रस्त्यावरच येऊन उभा राहिला. १३ जुलै रोजी जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. १९७८ सालच्या पुराचा उच्चांक २०७.४९ होता. खादरातील वस्त्या, शेते, गोठे सर्व पाण्याखाली गेले आणि तेथली माणसे म्हशी, खाटा आणि पोरे घेऊन मयूर विहारच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला तंबूंत राहू लागली. आमची कचेरीची बस रोज त्या तंबूंच्या रांगेशेजारून जाई. खिडकीतून दिसे ते आम्ही दोन दिवस वर्तमानपत्राआडून पाहिले.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी पायी येताना ती बाई दिसली. मातोश्री जिच्या गोणपाटावर बसल्या होत्या तीच. तंबूच्या तोंडाशी बसून ती एका कळशीवर झाकण म्हणून ताट ठेवीत होती. आमच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून दुसऱ्या कोठून तरी घेतलेला दुधी डोकावत होता. बोलावे की न बोलता पुढे जावे, हे ठरण्यापूर्वीच तिने आम्हांस पाहिले, हसली, रिकामे हात दाखविले आणि म्हणाली, "आज धनिया नहीं है, बाबूजी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते; टोमण्याला रागावता येते. ती सहज, ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलली. सात वर्षांत तिच्याशी आमचे जे काही बोलणे झाले होते ते एवढेच होते, म्हणून तिला आमच्याविषयी आठवले तेही एवढेच. मातोश्री कशा आहेत असे तिने पुढे विचारले. आम्ही बऱ्या आहेत असे सांगितले. शेत किती होते, किती गेले, हे विचारावयास हवे होते, ते सुचले नाही. खिशातील नोटेवर हात गेला आणि मातोश्रींचे भिकेविषयीचे वाक्य आठवून तेथेच राहिला. त्या वाक्याचा एवढा भलता उपयोग होईल असे त्या माउलीस वाटले नसेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती लपविली तर चित्र फार सोपे होईल. खादरातील ही शेती कायद्याच्या दृष्टीने असावयासच नको. यमुनेच्या पाण्याची अवस्था पाहता राष्ट्रीय हरित अधिकरणाने १३ जानेवारी २०१५ च्या निर्णयात तेथे खाण्याची पिके घेण्यास मनाई केली आहे. नदीकाठच्या भाजीत जड धातू उतरतात ही भीतीही खोटी नाही; आमचे काही शेजारी तेवढ्यासाठी तिची भाजी घेत नाहीत, आणि ते चुकतात असे आम्हांस म्हणता येत नाही. रस्त्यावर विकणाऱ्यास संरक्षण देणारा २०१४ सालचा पथविक्रेता कायदा आहे. ती जे विकते ते पिकविण्यास मनाई करणारा आदेशही आहे. दोन्हींच्या प्रती आमच्यासारख्याच कोणा कारकुनाने नीट क्रमांक घालून जावक नोंदवहीत चढविल्या असतील. शेतावरून उठवले तर ती कोठे जाईल, याचा क्रमांक कोणत्या नोंदवहीत आहे ते मात्र माहीत नाही. हा प्रश्न घासाघिशीहून पुष्कळ मोठा आहे आणि आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. आमच्या आवाक्यात आहे तो रात्री दहाचा प्रश्न.

त्या जुलैचा निर्देशांक पुढे प्रसिद्ध झाला. जूनमध्ये तो १३६.४ होता, जुलैत १३९.७ झाला. एका महिन्यात ३.३ अंकांची उडी. ती मुख्यतः खाद्यपदार्थांच्या, विशेषतः टोमॅटोच्या भावाने मारली होती, आणि त्यात त्या बाईच्या बुडालेल्या चार वाफ्यांचा वाटा शून्याइतकाच असणार, हे आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर म्हणून जाणतो. तरीही ती सरासरी निघाली, १ जानेवारी २०२४ पासून भत्ता ४६ चा ५० टक्के झाला, मार्चमध्ये तसा आदेश आला आणि थकबाकीसह रक्कम जमा झाल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर वाजला, तेव्हा कचेरीत पेढे वाटले गेले आणि आम्ही दोन खाल्ले. दुसरा खाताना तंबूच्या तोंडाशी ठेवलेली कळशी एकदम डोळ्यांसमोर आली. पेढा खाली ठेवला असे लिहिता आले असते तर लेखास शोभा आली असती. पण तो आम्ही संपविला.

ती बाई मात्र त्याआधीच, नोव्हेंबरच्या अखेरीस, बुधबाजारात परत आली होती. पुराने आणलेल्या गाळात मुळा चांगला आला होता. शिक्क्याच्या आकाराचे चौकटी चिन्ह छापलेला पुठ्ठा आता तिच्याही टोपलीस टांगलेला होता. पैसे भ्रमणध्वनीवरून गेले की कोपऱ्यातली डबी मोठ्याने रक्कम घोषित करी. आम्ही त्या दिवशी मुद्दाम सातलाच गेलो होतो. मुळा, पालक आणि बथुआ घेतला. तिने पासष्ट सांगितले. आम्ही एक शब्द न बोलता सत्तर पाठविले, पिशवी उचलली आणि धनिया न मागता चालू लागलो. डबीने सत्तरची घोषणा केली. चार पावले झाली असतील. या खेपेस आम्ही ती मोजत नव्हतो.

"बाबूजी, ओ बाबूजी!"

आम्ही परत फिरलो. तिने गोणपाटाखालून पाचाचे नाणे काढून आमच्या हातावर ठेवले. मग आमच्याकडे जरा निरखून पाहिले. "क्या हुआ? आज कुछ बोले नहीं? माताजी ठीक हैं ना?"

माताजी ठीक होत्या. आम्ही ते सांगितले, आणि काहीतरी बोलले पाहिजे म्हणून, शिवाय पाठीमागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांपुढे ओशाळल्यासारखे झाले म्हणून, बथुआ जरा महाग लावला असे पुटपुटलो. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. थंडी किती पडली आहे, बथुआ खुडताना बोटे कशी बधिर होतात, मंडईत काय भाव आहे, हे सर्व तिने आवेशाने सांगितले. एक पैसाही कमी केला नाही. आमचेही बोलणे वाढले. शेत किती होते ते कळले: तीन बिघे, खंडाने घेतलेले, आणि खंड पुराच्या वर्षीही द्यावाच लागला. वाकून बोलताना पाठ दुखू लागली तेव्हा आम्ही इकडेतिकडे पाहून गोणपाटाच्या कडेवर टेकलो. कचेरीच्या विजारीला ओली माती लागली.

उठताना तिने सवयीने कोथिंबिरीकडे हात नेला. त्या आठवड्यात कोथिंबीर बरीच महाग होती, हे टोपलीतल्या लहानशा जुडग्यावरूनच दिसत होते. हिचे पैसे घे, असे म्हणावे काय? म्हटले तर मघाच्या पाच रुपयांसारखे तेही परत येणार. नको म्हणावे काय? तिचा हात अर्ध्यावर होता. आम्ही काही म्हणावयाच्या आत कोथिंबीर आणि चार मिरच्या पिशवीत पडल्या होत्या, आणि ती पुढच्या गिऱ्हाइकास मुळ्याचा भाव चाळीस सांगत होती.